टायगर मॉथ फ्लाइटगिअरसाठी बांधताना : एलेरॉन, स्लॅट आणि उलटं इंजिन

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, फ्लाइटगिअर या फुकट उड्डाण-सिम्युलेटरसाठी टायगर मॉथ करायला घेतलंय. डी हॅविलँड डीएच ८२ ए. दोन पंख एकावर एक, दोन उघड्या बैठका एकामागे एक. ब्लेंडरमधला (त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर) सांगाडा बऱ्यापैकी उभा राहिलाय. हा धागा मात्र उड्डाणाच्या गणितासाठी काढतोय, कारण घोडं तिथेच अडलंय.

ज्यांना विमानांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी उत्तर लंडनमधल्या स्टॅग लेन विमानतळावरून ह्यूबर्ट ब्रॉड यांनी हे पहिल्यांदा उडवलं. याच कंपनीची आधीची मॉथ विमानं फ्लाइंग क्लबांमध्ये लोकप्रिय होती, पण हवाई दलाची अडचण वेगळी होती. पुढच्या बैठकीतल्या माणसाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या मास्तरांच्या, डोक्यावर वरचा पंख आणि आजूबाजूला त्याचे खांब. पॅराशूट पाठीला बांधून चटकन बाहेर पडता येईना. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. तो सरकला तशी उचल पुढे गेली आणि तोल बिघडला, मग तो सावरायला पंखच मागे झुकवले. टायगर मॉथचे पंख मागे वळलेले दिसतात त्याचा वेगाशी काडीचाही संबंध नाही. मास्तरांना उडी मारता यावी म्हणून ते तसे आहेत. पुढे महायुद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलातले हजारो वैमानिक यावर शिकले. एकूण ८८०० हून जास्त बनली, त्यातली मोठी संख्या मोटारी करणाऱ्या मॉरिस कंपनीच्या काउली कारखान्यात.

आता माझं दुखणं. सिम्युलेटरमध्ये मी उडवलेली बहुतेक फुकट टायगर मॉथ म्हणजे रंग बदललेली सेसना १७२ (आजचं साधं शिकाऊ विमान) असतात. स्टिक डावीकडे दाबली की टुणकन रोल. विमान उलटं केलं तरी इंजिन मजेत चालू. जमिनीवर ब्रेक दाबला की जागेवर उभं. खऱ्या विमानाला ब्रेकच नाहीत आणि शेपटीला चाकाऐवजी लोखंडी घसरण आहे. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा, फक्त खालच्या पंखांना, तेही जेमतेम काम करणारे. पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं, त्यामुळे उणे जी (वजन उलट्या दिशेने) लागला की इंजिन खोकायला लागतं. माझं म्हणणं असं की या खोडी काढून टाकल्या तर हाती उरतं ते दोन पंखांचं चित्र. खोडी नीट उतरल्या तर मग रंग थोडा चुकला तरी मला चालेल.

प्रश्न दोन. फ्लाइटगिअरमध्ये उड्डाणाचं गणित करणारे दोन पर्याय आहेत, जेएसबीसिम घ्यावं की यासिम? आणि हवाई कसरती, विशेषतः स्पिन (उचल गमावून गरगरत खाली येणं), कितपत खऱ्यासारखी जमते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चिकित्सक

विषय छान. पण एक भाबडा प्रश्न: विकतची चांगली टायगर मॉथ मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?

---

खटपट्या

विकतचं उघडून आत काय आहे ते बघता येत नाही, हे एक. दुसरं, माझा लॅपटॉप नव्या सिम्युलेटरचं नुसतं नाव घेतलं तरी पंखा फिरवायला लागतो. फ्लाइटगिअर फुकट आहे, सगळं खुलं आहे, एक्सएमएल फायली उघडून आकडे बदलायचे आणि पुन्हा उडवायचं. आणि खरं सांगू? उडवण्यापेक्षा यातच जास्त मजा येते.

---

नट_बोल्ट

खटपट्याराव, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

यासिमला विमानाची भूमिती सांगायची: पंख इथे, शेपूट इथे, वजन इतकं. मग उतरतानाचा वेग आणि क्रूझचा वेग सांगायचा. तो उचल आणि रोध (हवेचा अडथळा) यांचे आकडे असे जुळवतो की त्या दोन वेगांना विमान बरोबर बसेल. दोन पंखांचं विमान त्यात करता येतं. एक पंख मुख्य म्हणून लिहायचा आणि दुसरा ‘एमस्टॅब’ नावाच्या घटकात. स्लॅटसाठीही (पंखाच्या पुढच्या कडेची उघडणारी पट्टी) सोय आहे. दोन संध्याकाळींत उडणारं विमान हाती येतं. पण तुमच्या त्या खोडींपैकी एखादी हवी तशी पिळायला गेलात की यासिम दाद देत नाही. एक आकडा हलवला की तो बाकीचं सगळं परत जुळवून टाकतो.

जेएसबीसिममध्ये प्रत्येक बलाचा तक्ता तुम्ही लिहायचा. कष्ट जास्त, पण जे लिहाल ते तसंच होईल. तुम्हाला जे हवंय त्यासाठी जेएसबीसिमच. यासिममध्ये एक कच्चं करून त्यातून सुरुवातीचे अंदाज काढा, वाटल्यास.

रोधाचा आकडा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पुस्तकातला समुद्रसपाटीचा कमाल वेग ताशी १०९ मैल, म्हणजे सेकंदाला ४८.७ मीटर. इंजिन १३० अश्वशक्ती, म्हणजे ९७ किलोवॉट. लाकडी पंख्याची (प्रॉपेलरची) कार्यक्षमता ७५ टक्के धरा (हे माझं गृहीतक). हाती राहिले ७३ किलोवॉट. भागिले वेग: ओढ साधारण १५०० न्यूटन. कमाल वेगाला ओढ आणि रोध सारखे. त्या वेगाला हवेचा गतिज दाब १४५० पास्कल. भागाकार केला की रोधाचं क्षेत्रफळ येतं १.०३ चौरस मीटर. पंखांचं एकूण क्षेत्रफळ २२.२ चौरस मीटर, म्हणजे रोधगुणांक ०.०४६. त्यातला उचलीमुळे येणारा भाग ०.००५ च्या आसपास. उरलेले ०.०४ हे तारा, खांब, चाकं आणि वाऱ्यात बाहेर काढलेल्या दोन डोक्यांचे.

म्हणजे बघा, घराचं अर्धं दार वाऱ्यासमोर आडवं धरून हे विमान उडतंय. सेसना १७२ चा हाच आकडा साधारण निम्मा भरतो. तुम्ही उडवलेली फुकट विमानं सेसनासारखी का वाटली ते यात आलं. नाक खाली केलं की ती धावत सुटतात, टायगर मॉथ धावत नाही. आणि नाक वर केलं की वेग जातो तोही पटकन.

एक सावधानता. दोन पंख एकमेकांची हवा बिघडवतात. मंकचा स्पॅन फॅक्टर (दोन पंखांचा हिशोब एका पंखात बसवणारा गुणक) वापरून एकाच पंखाच्या विमानात रूपांतर करा, पंखांमधलं अंतर आणि पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी यांवरून तो निघतो, इथे १.१ च्या जवळपास धरायला हरकत नाही. दोन्ही पंखांचं क्षेत्रफळ नुसतं बेरीज करून एकाच पंखाचं सूत्र लावलंत तर आकडा फसवा येईल.

---

खटपट्या

नट_बोल्ट, दंडवत. वहीत उतरवून घेतलं. जेएसबीसिम पक्कं.

---

जुहूकर

जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं ते हेच विमान ना?

---

नट_बोल्ट

नाही. ते पस मॉथ. कंपनी तीच, इंजिनही जिप्सी घराण्यातलंच, पण पस मॉथ एकाच पंखाचं आणि बंद केबिनचं. १५ ऑक्टोबर १९३२ ची ती फेरी. १९८२ मध्ये पन्नास वर्षांनी जे. आर. डी. नी तीच फेरी पुन्हा केली ती लेपर्ड मॉथमधून. डी हॅविलँडला पतंगांची हौस दांडगी होती, कारण जेफ्री डी हॅविलँड स्वतः कीटकांचे अभ्यासक होते.

टायगर मॉथचा आपल्याकडचा संबंध शिकवण्याचा. महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्राथमिक उड्डाणशाळा यावरच चालायच्या. स्वातंत्र्यानंतरही हवाई दलाचे वैमानिक यावर शिकले, मग हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-२ आलं. हवाई दलाने एक जुनं टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेऊन परत उडवलं, २०१२ च्या वायुसेना दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर लोकांनी ते पाहिलं.

---

पान्हा_नंबर_दहा

हा धागा बघून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. माझे वडील एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. त्यांच्या हाताखाली टायगर मॉथ होती, आणि घरी आम्हाला बाराखडीआधी ते चालू करायची रीत पाठ होती. तुमच्या विमानात कीबोर्डवरचा ‘एस’ दाबला की इंजिन सुरू होणार असेल तर मी ते उडवणार नाही, आधीच सांगतो.

रीत अशी. स्विचेस बंद. चाकांना अडण्या. पेट्रोलचा कॉक उघडायचा. इंजिनाचं झाकण उचलून कार्बोरेटरचा टिकलर (पेट्रोल भरून वाहू देणारी छोटी दांडी) दाबून धरायचा, पेट्रोल ठिबकायला लागेपर्यंत. मग पंखा हाताने चार पाती फिरवायचा, म्हणजे सिलिंडरात मिश्रण ओढलं जातं. मग पुढचा माणूस ओरडतो, बैठकीतला माणूस थ्रॉटल किंचित उघडतो, स्विच चालू करतो, उत्तर देतो, आणि पुढचा पातं खाली ओढून मागे सरकतो. एका मॅग्नेटोला (ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) इम्पल्स असतो, सावकाश फिरवलं तरी जोरदार ठिणगी पडावी म्हणून. त्याचा खट्ट असा आवाज येतो. तो आवाज नसेल तर काही खरं नाही.

स्विचेस कुठे असतात माहीत आहे ना? बैठकीच्या बाहेर, अंगावर, वाऱ्याच्या काचेपुढे. जुन्या घरांतल्या विजेच्या बटणांसारखे दिसणारे. पंखा फिरवणाऱ्याला समोरून दिसावेत म्हणून. चालू म्हणजे वर. आपल्या घरात उलटं, म्हणून नवा पोरगा हमखास गोंधळायचा.

आणि तेल. जिप्सी मेजरची, म्हणजे याच्या इंजिनाची, सिलिंडरं इंजिनाच्या खाली लटकलेली असतात, डोकी जमिनीकडे. पंख्याचा दांडा वर राहतो, पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला नाकावरून जरा बरं दिसतं. पण तेलाला खाली यायची सवय. बाहेर डाव्या अंगाला तेलाची टाकी, आणि पोटाखाली तेलाचे ओघळ. वडील म्हणायचे, गळत नसेल तर टाकी रिकामी आहे. तुमच्या टेक्श्चरमध्ये (विमानावर चढवलेल्या चित्रात) पोट चकचकीत पिवळं असेल तर लगेच काळं करा.

---

खटपट्या

काका, स्वागत आहे, आणि असं खातं रोज एक उघडलं जावो! टिकलर, चार पाती, इम्पल्सचा खट्ट, सगळं घालतो. ‘एस’ दाबल्यावर काहीच होणार नाही, पडद्यावर फक्त ‘पंख्याजवळ कोणी नाही’ असं लिहून येईल.

---

लंडनची_लेक

मी हर्टफर्डशायरमध्ये राहते, म्हणजे डी हॅविलँडच्या अंगणातच म्हणा ना. ओल्ड वॉर्डनच्या विमानतळावर शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहातलं टायगर मॉथ उडताना पाहिलंय. लंडन कोल्नीजवळ सॉल्सबरी हॉलच्या संग्रहालयात त्याचं भावंड क्वीन बी आहे: १९३५ सालचं, माणसाशिवाय रेडिओवर उडवायचं आणि तोफांच्या सरावासाठी पाडायचं. (अवांतर: स्टॅग लेनचा विमानतळ कधीच गेला, तिथे घरं आहेत. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच भागातून जातात, कोणाला पत्ता नसतो.)

दोन गोष्टी सांगते ज्या फोटोत दिसत नाहीत. पहिली म्हणजे आवाज. इंजिन मंद करून विमान उतरायला येतं तेव्हा तारा गातात. चपट्या पोलादी तारा आहेत पंखांमध्ये, त्यांचा सूर वेगाबरोबर चढतो-उतरतो. मी एकदा मागच्या बैठकीवर बसलेल्या वैमानिकाला विचारलं, तर म्हणाला की उतरताना मी काट्याकडे कमी बघतो, तारा ऐकतो.

दुसरी गोष्ट वारा. मी पैसे भरून एक फेरी मारली, पुढच्या बैठकीत. विमान तिरकं घसरायला लागलं की एका गालावर वारा लागतो. रडर (शेपटीचं उभं सुकाणू, ते पायांनी चालतं) बरोबर दाबला की वारा गालावरून जातो. तुमच्या खोलीत पंख्याखाली बसून हे कसं करणार?

---

कोरा_कागद

मी फक्त वाचत होतो, पण हे मला जमण्यासारखं आहे म्हणून लिहितो. (पेशाने ध्वनीवाला.) गालाच्या जागी कान वापरा. वाऱ्याचे दोन वेगळे आवाज ठेवा, एक डाव्या कानाला, एक उजव्या. फ्लाइटगिअरच्या ध्वनीच्या एक्सएमएलमध्ये आवाजाची जागा ठरवता येते आणि त्याचा जोर कुठल्याही प्रॉपर्टीला (सिम्युलेटर सतत मोजत असलेल्या आकड्याला) बांधता येतो. बाजूच्या घसरणीचा कोन प्रॉपर्टीत असतोच. कोन उजवीकडे वाढला की उजव्या कानातला वारा मोठा, डाव्यातला लहान. हेडफोन लावून उडवणाऱ्याला थोड्या सरावाने फलकावरच्या घसरण दाखवणाऱ्या चेंडूकडे न बघता रडर सांभाळता येईल.

तारांसाठी एकच नमुना घेऊन त्याची पट्टी वेगाला बांधा, पण सरळ रेषेत नको. आणि कमी वेगाला इंजिनाच्या आवाजाखाली तो दबलाच पाहिजे, थ्रॉटल मागे घेतल्यावरच कानावर यावा. नाहीतर सारखं कोणीतरी शिट्टी वाजवतंय असं वाटेल.

---

खटपट्या

कोरा_कागद, आता तुम्ही सुटत नाही. ध्वनीचं खातं तुमच्याकडे.

---

कायदेपंडित

आवाज आणि फोटो कुठून आणणार? फ्लाइटगिअरच्या अधिकृत संग्रहात विमान जायचं असेल तर सगळं जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याला चालणारं हवं. कोणाच्या व्हिडिओतून आवाज ओढून घेतला किंवा इंटरनेटवरचा फोटो टेक्श्चरला चिकटवला तर ते बाद. लोकांनी वर्षभर राबून केलेली विमानं या एका कारणाने बाहेर राहतात.

---

लंडनची_लेक

फोटो मी काढते. संग्रहालयात विचारून, बैठकीचा, यंत्रफलकाचा, खांबांच्या जोडांचा. माझ्याकडून तुम्ही म्हणाल त्या परवान्यावर. फलकावर एक गंमत आहे, तिचा जवळून काढते: लाल द्रवाची वाकडी नळी, विमानाचं नाक वर आहे की खाली ते दाखवणारी. आजकालच्या विमानात कृत्रिम क्षितिज असतं, इथे फक्त तो द्रव. आणि वरच्या पंखातल्या टाकीच्या माथ्यावर काचेच्या नळीत तरंगणारी पेट्रोलची खूण. बैठकीतून मान वर करून बघायची.

---

नट_बोल्ट

आता एलेरॉनवर येतो, कारण याचं खरं मर्म तिथे आहे.

साध्या विमानात स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर, उजवा तितकाच खाली. खाली गेलेल्याने उचल वाढते पण रोधही वाढतो, त्यामुळे विमानाचं नाक उजवीकडे ओढलं जातं. डी हॅविलँडने यावर तोडगा काढला तो टोकाचा. एलेरॉन हलवणारी चकती अशी बसवली आहे की खाली जाणारा एलेरॉन सुरुवातीला थोडा खाली जातो आणि पुढे स्टिक आणखी नेली की जवळपास सरळ होतो. म्हणजे पूर्ण स्टिक दाबलीत तर काम एकटा वर गेलेला एलेरॉनच करतो. उलटी ओढ कमी झाली, पण रोलचा जोर निम्म्यावर आला. त्यात एलेरॉन फक्त खालच्या पंखांना. म्हणून रोल संथ, आणि रडरची मदत लागतेच.

जेएसबीसिममध्ये दोन्ही एलेरॉनसाठी दोन वेगळे तक्ते करा. एकाच ‘एलेरॉन’ प्रॉपर्टीला गुणक लावून भागवू नका. खाली जाणाऱ्या एलेरॉनचा तक्ता शून्यापासून वाढेल, मध्ये शिखर गाठेल आणि शेवटी परत शून्याकडे येईल. तुमच्या ॲनिमेशनमध्येही तोच तक्ता वापरा. बाहेरून बघणाऱ्या जाणत्याला ते लगेच ओळखू येतं.

पंखा कुठल्या बाजूने फिरतो तेही तपासा. जिप्सी मेजर वैमानिकाच्या बाजूने बघता डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरतं. जेएसबीसिमच्या थ्रस्टरमध्ये (पंख्याच्या नोंदीत) फिरण्याची दिशा, म्हणजे ‘सेन्स’, उणे १. अमेरिकन इंजिनांवर शिकलेल्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जातो, इथे डावा लागतो.

---

अतिउत्साही

उणे जी ला इंजिन बंद करायचं तर सोपंय, ‘एनझेड’ (जी चा आकडा) शून्याखाली गेला की मिश्रण शून्य करा. झालं!

---

नट_बोल्ट

झालं, पण कृत्रिम वाटेल. फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल असतं, ते कार्बोरेटरकडून निसटायला क्षण लागतो. आधी खोकला, मग शांतता. परत सुलटं झाल्यावर पंखा वाऱ्याने फिरत असतो, म्हणून तो पुन्हा पेट घेतो, तेही लगेच नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळा विलंब ठेवा. म्हणूनच टायगर मॉथमध्ये संथ रोल करणं म्हणजे अर्धा वेळ ग्लायडर उडवणं. आणि स्टॉल टर्नमध्ये (सरळ वर चढून तिथेच वळून खाली यायची कसरत) वरती वेग संपवून पंखाच थांबला तर स्टार्टर नाही. नाक खाली घालून सूर मारायचा आणि पंखा वाऱ्याने फिरायची वाट बघायची, त्यात बरीच उंची खर्ची पडते. हेही तुमच्या प्रतिकृतीत घडलं पाहिजे.

---

पान्हा_नंबर_दहा

कसरतीआधी स्लॅट लॉक करायचा खटका विसरू नका. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकाकडे ते असतात, वेग कमी झाला की हवेच्या ओढीने आपोआप उघडतात आणि स्टॉल (पंखाची उचल कोसळणं) लांबवतात. उतरताना वरदान. पण स्पिनमध्ये एका बाजूचा उघडला, दुसऱ्या बाजूचा नाही, तर काय होईल विचार करा. म्हणून लॉक. जमिनीवर धावतानाही लॉक, नाहीतर आपटत राहतात.

---

खटपट्या

काका, यातच माझी रात्र गेली. स्टॉलच्या पलीकडचं सगळं तक्त्यात लिहावं लागतं, आणि पुस्तकातले आकडे स्टॉलपाशी संपतात. दोन्ही पंखांची उचल वेगळी मांडली आहे, वरच्या पंखाला स्लॅट बंद आणि उघडे असे दोन तक्ते. स्टॉल झाल्यावर हवा परत चिकटायला आधीपेक्षा लहान कोन लागतो, त्यासाठी जेएसबीसिममधली हिस्टेरेसिसची सोय वापरली. साधारण ४० नॉटच्या आसपास ते सौम्यपणे नाक टाकतं, तिथवर ठीक. स्पिनमध्ये मात्र नुसतं रडर सोडलं तरी बाहेर येतंय. हे फारच सज्जन झालं.

---

नट_बोल्ट

शेपटीपुढच्या पट्ट्या धरल्या आहेत का? महायुद्धाच्या काळात स्पिनमधून बाहेर येण्याबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा शेपटीच्या आडव्या पंखापुढे, धडाच्या दोन्ही अंगांना लांबट पट्ट्या बसवल्या. आज उडणाऱ्या सगळ्या विमानांवर त्या नाहीत. तुम्ही दोन्ही प्रकार द्या, मेनूत निवड ठेवा. बाकी स्पिनमध्ये वळण थांबवणारं बल तुम्ही रडरला जास्त दिलंय. स्पिनच्या कोनाला आडव्या शेपटीच्या सावलीत रडरचा काही भाग निकामी होतो. कोन वाढला की रडरचा जोर कमी करणारा तक्ता लावा, म्हणजे पूर्ण उलटा रडर आणि मग स्टिक पुढे, हे दोन्ही केल्याशिवाय सुटका होणार नाही.

---

चिकित्सक

मघाशी मी भाबडा प्रश्न विचारला तेव्हा एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. पण एक शंका उरतेच. इतकी मंद, इतकी अडवणूक करणारी गोष्ट कसरतीला कोण वापरत होतं? लूपसाठी आधी सूर मारून वेग जमवायचा, रोलमध्ये इंजिन बंद...

---

लंडनची_लेक

वापरत होते, आणि हट्टाने. १९५६ मध्ये नॉर्मन जोन्स यांनी टायगर क्लब काढला, पुढे त्यांचा तळ सरेतल्या रेडहिलला होता. त्यांनी काही विमानं कसरतीसाठी खास बदलली: वरच्या पंखातली टाकी काढून पुढच्या बैठकीच्या जागी नेली आणि उलटं असतानाही पेट्रोल मिळेल अशी सोय केली. नावं ठेवली आर्चबिशप, बिशप, कॅनन आणि डीकन. चर्चची सगळी उतरंड!

---

अतिउत्साही

खटपट्यादादा, मग डीकनच करा की थेट. खोकणारं इंजिन कोणाला हवंय?

---

खटपट्या

तो दुसरा पर्याय म्हणून देईन, पण आधी साधं. जो साध्या टायगरमध्ये नीट रोल करू शकतो त्यालाच सुधारलेल्याची किंमत कळेल, असं माझं मत. असहमतीचा हक्क राखून ठेवा.

---

नट_बोल्ट

याच क्लबाने आणखी एक नग वाचवला: ॲरो ॲक्टिव्ह. लीड्समध्ये बनलेलं एका बैठकीचं छोटं कसरतीचं विमान, एकूण दोनच बनली, १९३१ आणि १९३२ ला. पहिल्याला १९३५ च्या अखेरीस हवेत आग लागली आणि वैमानिक ॲलेक्स हेनशॉ पॅराशूट घेऊन उतरले. राहिलं एक. टायगर मॉथ झालं की ते घ्या. टायगरला निदान कागद मुबलक आहेत, त्याला मोजपट्टी घेऊन बसावं लागेल.

---

खटपट्या

आधी हे होऊ द्या हो.

चाचणीसाठी पहिली प्रत टाकली आहे. काय झालंय: दोन एलेरॉनचे दोन तक्ते, स्लॅट आणि त्यांचा खटका, चालू करायची पूर्ण रीत, उणे जी चा खोकला, तारांचा सूर, दोन कानांतला वारा. काय बाकी: पुढच्या बैठकीतला माणूस, दोन बैठकींमधली बोलायची नळी, स्पिनचा नवा तक्ता. पोट काळं केलंय. शक्यतो गवतावर चालवा. ओल्ड वॉर्डन चांगलं. डांबरावर शेपटीची घसरण पकड घेत नाही आणि आडवा वारा असेल तर विमान वाऱ्याकडे तोंड करून बसतं.

---

जुहूकर

मी हट्टाने जुहूलाच नेलं. पश्चिमेचा वारा, धावपट्टी २६. तीन प्रश्न. थांबवायचं कसं? उड्डाणाला नाक उजवीकडे पळतं, हा बग आहे का? आणि जमिनीवर समोर फक्त इंजिन दिसतं, धावपट्टी दिसतच नाही.

---

खटपट्या

थांबवायला आधीच हळू या, वाऱ्याच्या तोंडावर उतरा, बाकी गवत थांबवतं. म्हणून तर म्हटलं गवतावर चालवा. उजवीकडे पळणं बग नाही, डावा पाय द्या. शेपूट उचलताना आणखी थोडा लागेल. समोर दिसत नाही म्हणून डावी-उजवीकडे नाक फिरवत नागमोडी चालवायचं आणि बाजूने बघायचं. जमिनीवर चालवताना स्लॅट लॉक केले होते का?

---

जुहूकर

नाही. तरीच टकटक आवाज येत होता.